चार नंबरचा झगा

१

जिथे कुजबुजायलाही बंदी होती, तिथे एक बाई किंचाळली.

मी तेव्हा धक्क्यावर एकटाच बसून पाण्यात खडे फेकत होतो. किंकाळी तिथवर आली. धावत स्पाच्या दालनात पोचलो, तर सगळे पाहुणे पांढऱ्या झग्यांत, तोंडाला पांढरा लेप फासून उभे. मधोमध सहा नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाई आपल्या कप्प्याचं उघडं दार धरून उभ्या होत्या.

"माझे मोती! आत्ता इथे ठेवले होते. माझ्या आईचे मोती!"

हॉटेलचा मॅनेजर पुढे झाला. हा माणूस प्रत्येक वाक्याच्या आधी 'शांत व्हा' म्हणतो. तहान लागली म्हटलं तरी म्हणतो.

"शांत व्हा बाई. कप्प्याला कुलूप होतं ना? किल्ली?"

"ही काय, माझ्याकडेच आहे."

कप्पा फोडलेला नव्हता. मी वाकून कुलूप पाहिलं. माझं कुलपांचंच दुकान आहे, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते. "ओरखडासुद्धा नाही. हे त्याच्या स्वतःच्या किल्लीनंच उघडलंय," मी म्हणालो.

ते बोललो नसतो तर बरं झालं असतं. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या सफाईवालीला विचारलं, "तू इथे फरशी पुसत होतीस. कप्प्यांपाशी कोण आलं होतं?"

"एकच माणूस आला होता साहेब. पाठमोरा होता, झग्याची टोपी डोक्यावर ओढलेली. पण आकडा दिसला ना पाठीवर." तिनं एका खुंटीवर टांगलेल्या झग्याकडे बोट दाखवलं. "चार नंबर."

चार नंबरची खोली माझी.

२

मुळात मला त्या बेटावर यायचंच नव्हतं.

सासूबाई निवृत्त झाल्या, म्हणून त्यांनी सगळ्यांना विश्रांतीला न्यायचं ठरवलं. सगळे म्हणजे त्या, त्यांची मुलगी म्हणजे माझी बायको, त्यांचा लाडका मुलगा म्हणजे माझा मेहुणा, आणि शेपटासारखा मी. सासूबाई विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायच्या. गोदाम खरंच जळलं की जाळलं, हात खरंच मोडला की मोडून घेतला, हे शोधून काढण्यात त्यांचा जन्म गेला. अशा बाईला कुलपं उघडणारा जावई कधी आवडला नाही. तोंडानं त्या काही बोलत नसत, पण माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिसला की पर्स जवळ ओढून घेत.

बोटीतून उतरल्या उतरल्या मॅनेजरनं नियम ऐकवले. फोन जमा करा. घड्याळं जमा करा. स्पात पूर्ण मौन. सकाळच्या घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, पाहुण्यांनी नाही आणि कामगारांनीही नाही. दागिने कप्प्यात ठेवा, किल्ली मनगटाला बांधा. चिखलस्नान घेणाऱ्यांनी अंगावरची चांदी आठवणीनं काढावी, कारण इथला चिखल गंधकाच्या झऱ्याचा आहे, चांदी कोळशासारखी काळी पडते. आणि प्रत्येकानं आपापला झगा घालावा. पुरुषांच्या झग्यावर निळ्या दोऱ्यानं खोलीचा आकडा, बायकांच्या लाल दोऱ्यानं.

"म्हणजे आमच्या लोकांना तोंड उघडून विचारावं लागत नाही," मॅनेजर कौतुकानं म्हणाला. "आकडा पाहिला की कुणाला तेल, कुणाला वाफ, कुणाला चिखल, त्यांना बरोबर कळतं."

मला हे तुरुंगासारखं वाटलं. मी तसं म्हणालोही. बायकोनं चिमटा काढला.

रात्री जेवणाच्या टेबलावर सहा नंबरच्या बाई भेटल्या. गळ्यात टपोऱ्या मोत्यांचा सर, म्हणून माझ्यापुरत्या त्या मोतीबाई झाल्या. बरोबर त्यांचा भाचा, खोली सात. गोड बोलणारा, हसरा, बोलताना बोटातली चांदीची अंगठी टेबलावर टकटक वाजवणारा. मी त्याला मनात भाचेबुवा म्हणायला लागलो. भाचेबुवांची कुठलीशी कंपनी होती आणि आमचे मेहुणेराजे नोकरी गेल्यापासून घरी बसलेले. दोघांचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका. त्या भरात मेहुण्यानं माझी ओळख करून दिली, "आमचे भावोजी कुठलंही कुलूप उघडतात बरं का! यांच्यापासून जपून राहा." सगळे हसले. मीही दात दाखवले.

आणि सकाळी मला तेल लावून, डोळ्यांवर ओला कापूस ठेवून, तोंडाला लेप थापून अंधाऱ्या खोलीत आडवं केलं. तेलवाली नियमाप्रमाणे निघून गेली. कुठून तरी पाणी ठिबकल्याचा आवाज सोडलेला, तोही मुद्दाम. नाकावर माशी बसली. मी सहन केलं. मग पायाला पेटका आला. मग मात्र मी ताडकन उठलो, "पुरे झाली ही विश्रांती!" असं त्या सगळ्या मौनाच्या छातीवर ओरडलो, तोंड धुतलं, झगा मागच्या दाराशी असलेल्या खुंटीला अडकवला आणि अर्ध्या चड्डीत धक्क्यावर जाऊन बसलो. तिथे मला कुणीही पाहिलं नाही, बोलायला एक मासासुद्धा नव्हता.

आता तोच झगा कप्प्यांशेजारच्या खुंटीवर होता.

"मी इथे टांगला नव्हता! मागच्या दाराशी टांगला होता!" मी ओरडलो.

"शांत व्हा," मॅनेजर म्हणाला. "दुपारच्या बोटीनं पोलीस येतायत. तोवर तुम्ही माझ्या कचेरीत बसा."

आमच्या धंद्यात माल कमी आणि भरवसा जास्त विकला जातो. लोक मला घराच्या किल्ल्या देऊन गावाला जातात. कुलूपवाल्याला चोरीच्या संशयावरून बोटीत बसवून नेलं, एवढं जरी पसरलं तरी खरं-खोटं कोण बघत बसणार? बापानं उभं केलेलं दुकान दिवाळं न वाजता बंद पडलं असतं.

इतक्यात पांढऱ्या लेपातून एक ओळखीचा कोरडा आवाज आला.

"बोट येईपर्यंत वेळ आहे ना? मग तोवर चौकशी मी करते."

३

सासूबाईंनी पहिला प्रश्न मलाच विचारला.

"जावईबापू, एकदाच विचारते. मोती तुम्ही घेतलेत?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, तुम्हीसुद्धा?"

"उत्तर द्या."

"नाही!"

"बरं," एवढंच म्हणून त्या उठल्या. विश्वास बसला की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती वाफेच्या खोलीत आईबरोबरच होती, त्यामुळे त्या दोघी सुटल्या होत्या.

"माझा विश्वास आहे रे तुझ्यावर," ती म्हणाली. "पण थोडा वेळ पडून राहिला असतास तर काय बिघडलं असतं?"

विश्वासाच्या शेपटीला हा 'पण' कशाला लागतो, देव जाणे.

कचेरीच्या दारात मला खुर्ची दिली होती, तिथून सगळं ऐकू येत होतं. आधी सफाईवाली आली.

"चेहरा पाहिलास?"

"नाही बाई. टोपी होती. बाजूनं गाल दिसला, पण लेप होता. इथे सगळ्यांनाच लेप."

"उंच, बुटका, जाड?"

"झग्यात सगळे सारखेच दिसतात. मी आकडा बघते. आम्हाला तेच शिकवलंय."

मग तेलवाली. मोतीबाईंच्या डोळ्यांवर कापूस ठेवून, मनगटाची किल्ली वाटीत काढून ठेवून ती बाहेर गेली होती. मोतीबाई म्हणाल्या, "मध्ये कुणीतरी येऊन गेलं. पावलं वाजली. मला वाटलं हीच आली. बोलायचं नाही ना, म्हणून मी विचारलं नाही."

"मी मध्ये आले नव्हते बाई," तेलवाली रडकुंडीला आली.

"म्हणजे चोरानं वाटीतली किल्ली नेली, कप्पा उघडला, किल्ली परत वाटीत ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे बाईंची किल्ली कुठे काढून ठेवतात, हे त्याला माहीत होतं."

मी खुर्चीतून ओरडलो, "हेच तर सांगतोय मी! मला किल्लीची गरज काय? मी तारेनं उघडलं असतं!"

मॅनेजरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबुलीजबाबच दिला. बायकोनं कपाळाला हात लावला.

मग भाचेबुवा आले. चेहरा पडलेला. "मावशीच्या मोत्यांवर कुणी हात टाकावा! मी चिखलात होतो हो. पहिल्या घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत, मानेपर्यंत बुडालेला. नाहीतर चोराला तिथेच धरला असता."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

चिखलवाला पुढे आला. "मी होतो ना बाई. सात नंबर स्वतः येऊन चिखलात उतरले, मी डोळ्यांवर कापूस ठेवला. बाहेर बसून अधूनमधून डोकावत होतो. जागचे हललेसुद्धा नाहीत. आणि चिखलातून उठून कुणी चाललं असतं तर फरशीवर काय रांगोळी झाली असती! फरशी स्वच्छ होती."

सफाईवालीनं मान डोलावली.

सासूबाई मात्र भलतीकडेच वळल्या. "अंगठी छान आहे हो तुमची. चांदीची?"

"हो ना. आजोबांची." भाचेबुवांनी हात पुढे केला. अंगठी लखलखत होती. "लहानपणी घातली ती बोटातच राहिली. साबण लावा, तेल लावा, निघतच नाही. एका डॉक्टरनं कापू का विचारलं होतं, मी म्हटलं, बोट कापा, अंगठी नको."

"वा," सासूबाई म्हणाल्या आणि अंगठीवर दोन-चार कौतुकाचे शब्द बोलल्या.

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या गळ्याशी फास आलाय आणि या दागिन्यांच्या गप्पा मारतायत.

त्यानंतर मॅनेजरनं सगळ्यांच्या खोल्या तपासल्या. माझी तर दोनदा तपासली. गादी उलटली, बुटांत हात घातले, दाढीचा साबण कापून पाहिला. सासूबाई प्रत्येक खोलीत दाराशी उभ्या राहिल्या आणि मलाही बरोबर ठेवलं. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "नजरेसमोर असलेलं बरं." सात नंबरच्या खोलीत भाचेबुवा सज्जात बसले होते, पाय लाकडी घंगाळात. इथे प्रत्येक सज्जात असं घंगाळ असतं, कोमट पाणी, तळाला गुळगुळीत पांढरे गोटे, वर फुलांच्या पाकळ्या. "उठू का?" त्यांनी विचारलं. "नको नको, बसा," म्हणत मॅनेजरनं त्यांचं कपाट उघडलं.

मोती कुठेच सापडले नाहीत.

"आता बोट आली की..." मॅनेजर माझ्याकडे पाहून थांबला.

"त्याआधी जेवून घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "आणि जेवायच्या आधी तुमच्या कचेरीत फक्त आमचं घर, या बाई, त्यांचा भाचा आणि तुम्ही. दार लावून घ्या. मला चोर सापडलाय."

४

कचेरीत पंखा नव्हता. समुद्राच्या वाऱ्यानं म्हणे मन शांत होतं. सगळे घामानं निथळत होते. मी अजूनही अर्ध्या चड्डीतच. मॅनेजरनं बाह्या वर केल्या, भाचेबुवांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली. मेहुणा तेवढा लांब बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून कोपऱ्यात उभा होता.

"तुला बरं नाही का रे?" बायकोनं त्याला विचारलं.

"ऊन लागलं. हात भाजलेत," तो पुटपुटला.

सासूबाई बसल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "इथे एक मोठी सोय आहे. कुणाला बोलावं लागत नाही. आकडा पाहिला की माणूस कळतो. पण खरं म्हणजे आकडा पाहिला की झगा कळतो. आत कोण आहे ते कुणी बघत नाही. सफाईवालीनं चार नंबरचा झगा पाहिला. माझा जावई पाहिला नाही."

"पण त्यांचा झगा..." मॅनेजर.

"तो झगा जावई मागच्या दाराशी टांगून गेला होता. त्याचं ओरडणं तर सगळ्या स्पानं ऐकलं. मीही वाफेच्या खोलीत ऐकलं आणि लाजले. म्हणजे चार नंबरचा झगा रिकामा झालाय हे प्रत्येकाला कळलं होतं. कुणीही उचलून घालावा आणि काम झालं की दुसऱ्याच खुंटीवर टाकावा."

"मग कुणीही म्हणजे कोण?" भाचेबुवा म्हणाले. "मला सोडून बोला हं, मी चिखलात होतो."

"नव्हतात," सासूबाई म्हणाल्या.

अंगठीची टकटक थांबली.

"इथल्या चिखलात चांदी कोळशासारखी काळी होते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चिखलाच्या खोलीबाहेर पाटीही आहे. तुमची अंगठी बोटातून निघत नाही असं तुम्हीच सांगितलंत, मावशींसमोर सांगितलंत. मानेपर्यंत चिखलात बुडून आलात म्हणता, आणि अंगठीत मला माझा चेहरा दिसतोय."

"मी... मी हात वर ठेवला होता."

"चिखलवाला म्हणतो, तुम्ही जागचे हलला नाहीत. आणि चिखलातून धुऊन निघालेला माणूस लगेच सज्जात बसून पुन्हा पाय भिजवत बसत नाही. तेही नेमकी झडती चालू असताना. मॅनेजरसाहेब, सात नंबरच्या घंगाळातले गोटे उपसून पाहा. सगळेच गोटे असतील असं मला वाटत नाही."

मॅनेजर 'शांत व्हा' म्हणायला विसरला आणि पळाला.

मोतीबाईंचा हात गळ्याकडे गेला. "पण सात नंबर चिखलात होता म्हणतात ना? मग तो कोण होता?"

"तेच आता बघायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "सात नंबरचा झगा घालून कुणीतरी चिखलात पडून होतं. त्याच्या अंगावर चांदी असेल तर ती आज काळी आहे. आणि काळं झालेलं माणूस झाकतो, एवढ्या उकाड्यातसुद्धा."

त्या कोपऱ्यात गेल्या. मेहुणा भिंतीला टेकला.

"बाळ, हात दे."

"आई, अगं ऊन..."

"हात दे."

त्यांनीच त्याच्या बाहीचं बटण सोडलं. तो कॉलेज पास झाला तेव्हा त्यांनी त्याला चांदीचं कडं घातलं होतं. पुढे मनगट भरलं आणि ते निघेनासं झालं.

कडं तव्याच्या बुडासारखं काळं होतं.

५

"मला चोरीचं काही माहीत नव्हतं! शपथ!" मेहुण्यानं रडवेल्या आवाजात सगळं ओकलं. "हा म्हणाला, मावशीनं माझ्यासाठी चिखलस्नान ठरवलंय, मला किळस येते, तू जा माझ्या जागी. झगे बदलू, कुणाला कळणार नाही. मी झोपाळ्यात जरा डुलकी काढतो म्हणाला. मला काय, फुकटची चैन. नंतर किंकाळी झाली, तेव्हा हा कानात म्हणाला, आता बोललास तर दोघं अडकू. गप्प राहा, पुढच्या महिन्यापासून माझ्या कंपनीत ये."

"आणि तू मूग गिळून बसलास," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "सकाळपासून. माझ्या बुटांत हात घालत होते तेव्हा तू दारात उभा होतास."

त्यानं बाही पुन्हा मनगटापर्यंत ओढली.

"तुझा पाच नंबरचा झगा कुणाकडे होता?" सासूबाईंनी विचारलं.

"याच्याकडे."

"हो. म्हणजे ठरवलं होतं त्याप्रमाणे आज पाच नंबर चोर ठरायचा होता. तू. मध्येच तुझ्या भावोजींनी आरडाओरडा करून झगा फेकला आणि याला तुझ्यापेक्षा सोयीचा माणूस मिळाला. कुलूपवाला. नोकरी द्यायला नाही रे, तुला सुळावर द्यायला त्यानं दोस्ती केली होती."

मॅनेजर परत आला. हातात ओला रुमाल, रुमालात मोती. दोरा तोडून सुटे केलेले, गोट्यांत मिसळलेले. मोतीबाईंनी ते ओंजळीत घेतले आणि भाच्याकडे न बघता म्हणाल्या, "मागितले असतेस तर तुझ्या बायकोलाच देणार होते मी."

भाचेबुवा मान खाली घालून बसले. सुटलो, असं मला वाटलं. मी उभासुद्धा राहिलो.

तेवढ्यात मोतीबाई म्हणाल्या, "हे दाराबाहेर जाऊ देऊ नका. माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा आहे. मोती मिळाले, मला आणखी काही नको."

"अगदी बरोबर," मॅनेजर लगेच म्हणाला. "हॉटेलचंही नाव आहे. मी जेवणघरात सांगतो, मोती हरवले होते, सापडले. गैरसमज झाला. पोलिसांनाही तेच. सगळे शांत."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमच्यावर काहीच येत नाही आता."

"काहीच येत नाही? अहो, सगळ्यांसमोर मला चोर ठरवलंत! आता 'सापडले' म्हणालात तर लोक काय समजतील? पोलिसांच्या भीतीनं यानंच परत केले आणि घरच्यांनी मिटवलं! चोर सोडून संन्याशाला फाशी, वर संन्याशानं गप्प बसायचं!"

"अरे, पण..." बायको आईकडे बघत म्हणाली. तिला मी कळत होतो, पण भाऊही तिचाच होता. "भाच्याचं नाव घेतलं की याचंही नाव येणार ना? पोलीस विचारतील, इतका वेळ का बोलला नाहीस. उद्या याला नोकरी कोण देईल?"

मेहुणा आईच्या पायाशीच बसला. "आई, मिटव ना. भावोजींवर काही येणार नाही म्हणतायत ना हे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलाच्या काळ्या कड्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. झालं, मी म्हटलं मनात. जावई तो जावई, लेक तो लेक. दुकान, दुकानावरची पाटी, बाप, सगळं डोळ्यांसमोर आलं.

त्या दार उघडून जेवणघराकडे निघाल्या.

६

जेवणघर भरलं होतं. आम्ही आत शिरताच चमचे थांबले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मला पाहून आपली पर्स मांडीवर घेतली. मी तिच्या शेजारून पुढे गेलो. सवय होती.

मॅनेजर टाळी वाजवून उभा राहिला. "शांत व्हा. आनंदाची बातमी आहे. बाईंचे मोती हरवले होते, ते सापडले. थोडा गैरसमज झाला होता. सर्वांनी जेवणाचा..."

"खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या.

त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"मोती हरवले नव्हते. चोरले होते. या बाईंच्या भाच्यानं चोरले. बाई, मला क्षमा करा, तुमचं दुःख मला कळतं, कारण पुढचं मी माझ्या घरातलं सांगणार आहे. भाच्यानं चोरी करताना माझ्या जावयाचा झगा घातला होता, म्हणून तुम्ही सगळे सकाळपासून माझ्या जावयाकडे चोर म्हणून बघताय. तो भाचा चिखलात नव्हता, हे एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर माझ्या जावयाला ही लाज सोसावी लागली नसती. तो माणूस नोकरीच्या आशेनं गप्प राहिला. तो माझा मुलगा आहे."

मेहुणा दारातच उभा होता. मागे सरकायला जागा नव्हती.

"पोलीस आले की तो हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगेल. मी शेजारी उभी राहीन." त्या थांबल्या. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "आणखी एक. सकाळी सगळ्यांच्या आधी मीच जावयावर संशय घेतला. तेरा वर्षं घेत आलेय. त्याच्या हातात किल्ल्या असतात, एवढ्याचसाठी. जावईबापू, तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागते."

आणि त्यांनी हात जोडले. मला, त्यांच्या या वयात.

मी पुढे होऊन त्यांचे हात खाली घेतले. "बसा, आई, जेवून घ्या," असं काहीतरी बोललो. बायको रडत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पर्स हळूच खाली ठेवली.

पोलीस आले, जबाब झाले. भाचेबुवांना त्यांनी बरोबर घेतलं. मेहुण्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. त्याला पुन्हा बोलावतील तेव्हा यावं लागणार होतं. विश्रांतीचे उरलेले दिवस आम्ही सोडून दिले आणि त्याच बोटीनं निघालो. मॅनेजर निरोपाला आला नाही.

धक्क्यावर मेहुणा माझ्या बाजूनं चालायला लागला. सासूबाई दोन पावलं पुढे होत्या.

"भावोजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

त्यानं तोंड उघडलं. बोटीवाला दोर सोडत होता, लोक सामान चढवत होते. पुढे सासूबाई थांबल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्याही ते उत्तर ऐकायला थांबल्या होत्या हे मला समजलं.

मेहुण्यानं तोंड मिटलं.

त्या आणखी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बोटीच्या फळीवर पाय ठेवायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावत जाऊन त्यांचा हात धरला.